कुशीवर व्हा जी

डॉक्टरांनी प्रश्न चंपतराव हेडाऊ यांना विचारला होता, पण त्याचं उत्तर त्यांच्याकडे असणं शक्य नव्हतं.

"झोपेत घोरता का? घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो का?"

"मी तं झोपलेला राहतो मॅडम," चंपतराव म्हणाले. "मले काय मालूम."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मुलाकडे, अश्विनकडे पाहिलं. अश्विनने आईकडे पाहिलं. गोपिका भिंतीजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, कोणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी.

चंपतराव गांधीबागेतल्या साड्यांच्या एका ठोक दुकानात सेल्समन होते. वय अठ्ठावन्न, मान आखूड आणि जाड, पोट पुढे आलेलं. रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू होत्या आणि दाब काही खाली येत नव्हता. आता ईसीजीच्या पट्टीत हृदयाचे ठोकेही मधूनमधून चुकलेले दिसले होते. सकाळी उठल्यावर डोकं दुखायचं. दुकानात बसल्या बसल्या डुलकी लागायची. बरोबरचा सेल्समन जागेश्वर सगळ्यांना सांगायचा, "काठ दाखवता दाखवता झोपते हा माणूस. गिऱ्हाईक बाईच म्हणते, काका, उठा नं, मले पदर पाहाचा आहे."

"घोरते तं लय," गोपिका म्हणाली. "पहिले मी बाजूले झोपत होती, तवा घोरता घोरता एकदम चूप व्हायचे. मंग मी ढोसली का कुशीवर व्हायचे, अन् पुन्हा सुरू."

"तुम्ही ढोसायच्या? का?"

"आवाज बंद झाला का मलेच जाग ये. सवय झाली होती. मी म्हणो, कुशीवर व्हा जी, अन् एक कोपर मारो."

"म्हून माही बरगडी दुखते," चंपतराव म्हणाले. अश्विन हसला. डॉक्टर हसल्या नाहीत.

"रोज रात्री?"

"एका रात्रीत किती डाव तरी. लग्न झालं तवापासून."

"आणि आता?"

गोपिकाने पदर सारखा केला. "आता अश्विनचं लग्न झालं," ती म्हणाली.

डॉक्टर पुण्याकडच्या होत्या. मुलाच्या लग्नाचा आणि या प्रश्नाचा संबंध कळायला त्यांना थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, काही लोकांचा घसा मिटूनच जातो. हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागा करतो, घसा उघडतो, पुन्हा घोरणं सुरू. रात्रभर हेच. रात्री हृदयाला थोडा आराम मिळायला हवा, यांच्या हृदयाला तेव्हाच धावावं लागतं. दाब चढलेला राहतो, ठोके बिघडतात.

"उताणं झोपलं की काही जणांना त्रास वाढतो, कुशीवर कमी होतो. तुमचं ढोसणं म्हणजे उपचार नव्हता, पण थोडा आधार होता."

"म्हणजे मी बाजूले नव्हती म्हून हे झालं?"

"नाही. आजार जुना आहे. तुमच्यामुळे काही झालेलं नाही."

गोपिकाने मान हलवली. त्या उत्तरातला पहिला शब्द तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

तांडापेठेतलं हेडाऊंचं घर तीन खोल्यांचं, एकीमागे एक. पुढे रस्त्यावर उघडणारी बैठक. तिथे चंपतरावांच्या वडिलांच्या काळात हातमाग होता. मागाचा खड्डा बुजवून वर फरशी बसवली, त्यालाही बरीच वर्षं झाली. मध्ये झोपायची खोली. मागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि एक दार. ते दार बोळात उघडतं आणि बोळ वळसा घेऊन पुन्हा रस्त्यावर येतो.

नवरा-बायको मधल्या खोलीत झोपायचे, अश्विन बैठकीत. अश्विनचं लग्न झालं, पूजा आटोपली आणि त्याच संध्याकाळी गोपिकाने आपली गादी स्वयंपाकघरात नेली. चंपतरावांनी उशी उचलून बैठकीतल्या दिवाणावर टाकली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. त्या गल्लीत सगळ्या घरांत असंच होतं. सून आली की सासू मागे, सासरा पुढे. जी सासू असं करत नाही तिच्याबद्दल नळावर बोललं जातं. गोपिकाही एके काळी अशा एका बाईबद्दल बोलली होती.

मधल्या खोलीची कडी लागली की बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यात वाट उरत नव्हती. बैठकीच्या खिडकीत कूलर. उन्हाळ्यात त्याचा पंखा असा घरघरायचा की दिवाणावरचा माणूस घोरतो की गप्प झालाय, हे शेजारच्या खोलीतही कळू नये.

झोपेची तपासणी झाली. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं तेच निघालं, त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त. त्यांनी मशीन लिहून दिलं. नाकावर मुखवटा बसवायचा, मशीन हवा ढकलत राहतं, घसा मिटत नाही. अश्विनने ते महिनाभरासाठी भाड्याने आणलं आणि बैठकीत लावून दाखवलं.

चंपतरावांनी प्रयत्न केला नाही असं नाही. पट्टे आवळले, डोळे मिटले, पडून राहिले. कूलरमुळे बैठकीचं पुढचं दार उघडं ठेवावं लागायचं, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. उघड्या दारातून गल्लीतली पोरं आत डोकावली. "आजोबा विमान चालवून राहिले," एक जण म्हणाला. ते दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या गल्लीत पसरलं. सकाळी उठल्यावर मुखवटा कधी उशीखाली सापडायचा, कधी दिवाणाच्या मागे. झोपेत आपण तो कधी काढला हे चंपतरावांना सांगता येत नव्हतं. पुढे त्यांनी मशीनवर जुना टॉवेल टाकला आणि ते दिवाणाखाली सरकवलं. महिना संपल्यावर अश्विन ते परत देऊन आला.

मग गोपिकाने स्वतःच्या पद्धतीने सुरुवात केली. तिने चंपतरावांच्या बनियनला पाठीवर कापडाचा खिसा शिवला आणि त्यात रबरी चेंडू घातला. उताणं झाले की चेंडू टोचेल आणि ते कुशीवर होतील, हा उपाय डॉक्टरांनीच सांगितला होता. मे महिना होता. चंपतराव बनियन काढून झोपले.

"आता कातडीले शिव चेंडू," ते सकाळी म्हणाले.

अश्विनने बैठकीत गादी टाकून पाहिली. तो दिवसभर मोटारसायकलवर फिरून मोबाईलच्या दुकानांत माल पोचवायचा. एकदा आडवा झाला की त्याला उठवायलाच दुसरा माणूस लागायचा. शिवाय मिनलला, त्याच्या बायकोला, सातवा महिना लागला होता. रात्री तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, ती कळवळायची. अश्विन पुन्हा मधल्या खोलीत गेला आणि त्याला कोणी नाव ठेवलं नाही.

उरली गोपिका. तिने विषय काढला तो मिनलजवळ, तुरीच्या शेंगा सोलल्यासारखा हळूहळू. "मी बैठकीत झोपली तं कसं होईन?"

"झोपा नं आई," मिनल म्हणाली. "काय होते त्यात? तब्येतीचं आहे." ती खरंच मनापासून बोलली होती. पण बोलून झाल्यावर तिच्या ओठांवर बारीक हसू आलं आणि ते लपवायला ती ओट्याकडे वळली. गोपिकाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

तरी ती गेली. मधल्या खोलीतून नाही, बोळातून. चटई आणि उशी काखेत मारून तिने बोळाचा वळसा घेतला आणि दिवाणाच्या बाजूला खाली अंथरलं. पहाटे नळ यायच्या आत ती त्याच वाटेने परत आली. असं तीन-चार रात्री झालं. चंपतरावांना पहिल्या रात्री नवल वाटलं, नंतर वाटलं नाही. कोपराऐवजी आता तिला हात वर करून त्यांच्या खांद्याला धक्का द्यावा लागत होता. ते पुटपुटत कुशीवर व्हायचे.

चौथ्या सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "आज डोकं नाही दुखून राहिलं गा." अश्विनने पट्टा बांधून दाब मोजला. तो पूर्ण उतरला नव्हता, पण खूप दिवसांनी थोडा खाली होता. गोपिकाने चंपतरावांच्या कपात अजून थोडा चहा ओतला.

बोळात यमुताईंच्या घराची खिडकी उघडत होती, ही गोष्ट तिला माहीत होती. पहाटे यमुताई जाग्या असतात हेही माहीत होतं. त्या दिवशी नळावर यमुताई कळशीला राख लावत म्हणाल्या, "काहून वं गोपिका, चटई घेऊन कुठं जाऊन राहिली होती अंधाराची?"

"तब्येत ठीक नाही त्याईची. डॉक्टरनं सांगितलं जवळ राहा म्हून."

"आमच्या डॉक्टरनं नाही सांगितलं असं कधी," यमुताई म्हणाल्या. नळावरच्या बायका हसल्या. त्यात वाईट कोणी नव्हतं. गोपिकाच्या बाळंतपणात याच यमुताईंनी महिनाभर डबा पोचवला होता.

नळावरचं बोलणं गोपिकाने गिळलं असतं. पण ते संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर गेलं. चंपतराव दुकानातून येताना तिथे सुपारी-तंबाखूचा खर्रा घ्यायला थांबत. तिथे कोणीतरी म्हणालं, "चंपतभाऊ, सुनेच्या पहिले तुमच्याचकडं पाळणा हलन वाटते."

चंपतराव घरी आले ते खर्रा न घेताच. जेवताना ताटाकडे पाहत होते. मिनल आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "आजपासून तू मागंच झोप."

"काहून?"

"काहून म्हणजे? सून दोन जिवाची घरात, अन् सासू चटई घेऊन बोळातून फिरून राहिली. गल्ली हासून राहिली माझ्यावर."

"गल्लीले हासू द्या. तुमचं डोकं दुखणं थांबलं. दाब उतरला. पोराच्या समोर उतरला."

"एक दिवस उतरला."

"एक दिवस तं उतरला नं?"

"गोपिका, मी पस्तीस वर्षं त्या बाजारात उभा आहो. लोक मले दादा म्हणते, भाऊ म्हणते. या वयात माझं हासं नको करू."

"अन् तुमाले काही झालं तं?"

"झालं तं झालं. गोळ्या खाऊन राहिलो नं मी?"

"गोळ्यांनं होत नाही, डॉक्टर सांगून राहिल्या."

"मंग कशानं होते? तुह्या कोपरानं?"

हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं. ते उठले, हात धुतले. त्या रात्री त्यांनी कूलर चालू असतानाच बैठकीच्या पुढच्या दाराला आतून कडी लावली. गोपिकाला ते त्याच रात्री कळलं, चटई घेऊन बोळातून दाराशी आली तेव्हा. पण तिने कडी वाजवली नाही. वाजवली असती तर मधली खोली जागी झाली असती.

पुढच्या तपासणीत तिने सगळं डॉक्टरांना सांगायचं ठरवलं होतं. पण खोलीत चंपतराव होते, अश्विन होता. तिने एवढंच विचारलं, "दुपारी झोपले तं चालन का? दुपारी मी बाजूले बसतो." दुपारी बैठकीत बसून डाळ निवडणाऱ्या बाईला कोणी काही म्हणत नाही, हे तिने सांगितलं नाही.

"थोडा वेळ चालेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण दुपारी फार झोपले तर रात्रीची झोप अजून मोडेल. रात्रीची झोप महत्त्वाची. मशीन का परत दिलं?"

"जमत नाही मॅडम," चंपतराव म्हणाले.

"जमवावं लागेल. तुमच्या हृदयाचे ठोके असेच राहिले तर आत रक्ताची गाठ होऊ शकते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात."

"हो," चंपतराव म्हणाले. ते डॉक्टरांना नेहमी हो म्हणत.

तरी गोपिका रविवारच्या दुपारी बैठकीत बसू लागली. ताटात डाळ घेऊन, दिवाणाकडे पाठ करून, कारण दार उघडं असायचं. चंपतराव झोपायचे. कूलरच्या आवाजातून तिला त्यांचं घोरणं ऐकू यायचं, चढत जाणारं, मग एकदम काहीच नाही. ती हात मागे नेऊन धक्का द्यायची. आठवड्याच्या सातही रात्री आपण इथे नव्हतो, हे तिला दर वेळी नव्याने समजायचं. पहिल्या दोन रविवारी ती स्वतःलाच हिशोब सांगत राहिली, की एवढंही बरंच. नंतर तिने ते सोडून दिलं.

जून सुरू झाला तरी ऊन ओसरलं नव्हतं. लग्नाची शेवटची गर्दी होती. दुकानात साडीची घडी उलगडताना चंपतरावांच्या हातातून काठ सुटला आणि ते गादीवर बसल्या जागी कलंडले. जागेश्वरला आधी वाटलं, नेहमीची डुलकी आहे. त्याने दोनदा हाक मारली, एकदा टिंगलही केली. मग त्यांच्या कपाळावरचा घाम पाहून ऑटो बोलावला.

दवाखान्यात पोचले तेव्हा छातीत ठोके असे धावत होते की नर्सला मोजता येत नव्हते. गाठ झाली नव्हती, पक्षाघात झाला नव्हता. औषधं देऊन ठोके आवरले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुरुषांच्या वॉर्डात हलवलं. एका पेशंटजवळ एका माणसाला राहता येतं, असा नियम होता. अश्विनला मिनलजवळ राहावं लागणार होतं. गोपिका राहिली.

वॉर्डात प्रत्येक खाटेशेजारी जमिनीवर कोणी ना कोणी अंथरलं होतं. बायका, मुली, एक म्हातारी सासू. कुही तालुक्यातल्या एका बाईने आपलं गाठोडं बाजूला सरकवून गोपिकाला जागा दिली. "या जी बाई, इथं टाका. पंखा लागते इथं." कोणी हसलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही. इथे बायको खाटेजवळ असते, हे सगळ्यांसाठी इतकं साधं होतं की ते त्यांच्यासाठीही साधं झालं.

ती रात्री खाटेच्या लोखंडी दांड्यावर एक हात ठेवून झोपायची. आवाज थांबला की तिचा हात वर जायचा. "कुशीवर व्हा जी." ते व्हायचे. सकाळी नर्स दाब मोजून तो कागदावर लिहायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. तिसऱ्या दिवशी चंपतरावांनी शेजारच्या पेशंटला त्याच्या मुलीच्या लग्नाच्या साड्यांबद्दल सल्ला दिला. चौथ्या दिवशी त्यांनी दाढी केली.

त्या सकाळी डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. आज सुट्टी देऊ."

गोपिका त्यांच्या मागे वॉर्डाच्या दारापर्यंत गेली. "मॅडम, अजून दोन-चार रोज ठेवता नाही येणार का?"

"कशाला? त्रास होतोय का काही?"

"नाही. इथं बरं आहे त्याईले."

"घरी अजून बरं वाटेल," डॉक्टर म्हणाल्या. "आणि खाट लागते हो, बाहेर पेशंट बसलेत. मशीनचं मात्र बघा. आणि जवळ कोणी झोपतं ना?"

गोपिकाने तोंड उघडलं. मागून एक वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला, दोघींना बाजूला व्हावं लागलं. डॉक्टर तोवर पुढच्या खाटेच्या फाईलमध्ये पाहत होत्या.

अश्विन औषधं घेऊन मोटारसायकलवर पुढे गेला. चंपतराव आणि गोपिका ऑटोत बसले. ऊन होतं. चंपतराव गल्लीत कोण कोण भेटायला येईल ते मोजत होते. मग म्हणाले, "घरी गेली का पहिले तू झोप. इतके दिवस जमिनीवर काढले तुनं. डोळे पाहा कसे झाले."

"मले तिथं लागत होती झोप."

"काहीही बोलते. मागं मस्त गादी टाक. पाण्याचं अश्विन पाहीन."

"मी बैठकीत टाकतो गादी," गोपिका म्हणाली. "खाली. तुमच्या बाजूले."

चंपतरावांनी ऑटोवाल्याच्या मानेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अवं, आयकून राहिला तो."

"आयकू द्या."

"मी काय म्हणलो? आता नाही. सुनेचं बाळंतपण होऊ दे, मंग पाहू." त्यांनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं, लहान मुलाला समजावतात तसं. ते प्रेमाने बोलत होते. तिला ते कळत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

सिग्नलला ऑटो थांबला तेव्हा त्यांची मान छातीवर आली होती. ओठ उघडले, घोरणं सुरू झालं. ऑटोवाल्याने आरशात पाहिलं आणि हसला. पुढे बस होती, मागे हॉर्न वाजत होते. सिग्नल सुटेपर्यंत घोरणं चढत गेलं आणि मग थांबलं. गोपिकाने त्यांच्या बरगडीत कोपर मारलं.

ते दचकून जागे झाले, घशातून एक मोठा श्वास आत ओढला. इकडे तिकडे पाहिलं.

"घर आलं का?"

"नाही."

"मंग काहून उठवलं?"

गोपिकाने ऑटोवाल्याला पुढच्या चौकातून डावीकडे, तांडापेठेत घ्यायला सांगितलं.